पाऊस किती, आणि किती जागेवर

सातारा जिल्ह्यातली वर्तमानपत्रे पावसाळ्यात रोज एक छोटी चौकट छापतात. कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर अशी तीन नावे, प्रत्येकापुढे गेल्या चोवीस तासांतला पाऊस आणि १ जूनपासूनची बेरीज, खाली धरणात किती टीएमसी पाणी आले ते. जुलै सरता सरता ही बेरीज हजारांत गेलेली असते. बऱ्याच वर्षी त्याच अंकाच्या आतल्या पानावर माण किंवा खटाव तालुक्यातली बातमी असते : पेरण्या खोळंबल्या, टँकर बंद करू नका. जिल्हा एक, जिल्हाधिकारी एक, पालकमंत्रीही एकच. महाबळेश्वरपासून म्हसवडपर्यंत सरळ रेषेत अंतर जेमतेम १२० किलोमीटर. महाबळेश्वरचा वर्षाचा पाऊस साडेपाच ते सहा हजार मिलिमीटरच्या घरात, म्हसवड-दहिवडीकडचा पाचशेच्या आसपास. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे माणदेशाचा वर्षभराचा पाऊस एका दिवसात. या दोन टोकांची मिळून जी ‘जिल्ह्याची सरासरी’ निघते, तेवढा पाऊस खरोखर पडणारी गावे साताऱ्यात एका अरुंद पट्ट्यातच सापडतील.

पावसावर मराठीत कमी लिहिले गेलेले नाही. कवितेने तर त्याला पुरेपूर न्याय दिला आहे, आणि मान्सून कसा येतो हे सांगणारी चांगली पुस्तकेही आहेत. पण पावसाचा आकडा समोर आला की तो किती जागेवरचा, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. ‘राज्यात सरासरीच्या १०४ टक्के’ असे वाचून शहरी वाचक निश्चिंत होतो आणि खेड्यातला वाचक चिडतो. दोघांचेही बरोबर असते. या पुस्तकाचा विषय तो न विचारलेला प्रश्न आहे. देशाचा पाऊस, राज्याचा पाऊस, तालुक्याचा पाऊस आणि शिवाराचा पाऊस या एकाच गोष्टीच्या लहान-मोठ्या प्रती आहेत असे आपण धरून चालतो. तसे नाही. मोजण्याची जागा बदलली की पावसाची कारणेही बदलतात.

सुरुवात डोळ्यांना दिसणाऱ्या फरकापासून करू. ऐन जुलैत वाईहून महाबळेश्वरला जाणाऱ्या एसटीत बसले तर तासा-दीड तासात पावसाची तीन हवामाने पार होतात. वाईत ढगाळ, अधूनमधून भुरभुर. वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर. पसरणीचा घाट चढून पाचगणीला पोहोचेपर्यंत छत्री उघडावी लागते. तिथून वीस किलोमीटरच्या आत महाबळेश्वर, आणि तिथे पाचगणीच्या साधारण तिप्पट पाऊस. बाहेरच्या माणसाला हे उंचीमुळे होते असे वाटते, पण पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या उंचीत फार फरक नाही. फरक आहे तो कड्यापासूनच्या अंतराचा. अरबी समुद्रावरून येणारी दमट हवा कोकणपट्टी ओलांडून सह्याद्रीच्या भिंतीला भिडते आणि तिला वर चढावेच लागते. वर चढणारी हवा ढग धरण्याआधी किलोमीटरमागे सुमारे दहा अंश थंड होते. ढग धरू लागला की हा वेग कमी होतो, कारण वाफेचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते. कड्याच्या माथ्यावर हवेतले पाणी झडते. पुढे पूर्वेला तीच हवा खाली उतरते, तापते, आणि उरलेले ढग विरू लागतात. पर्जन्यछाया हा शब्द शाळेत आपण सगळे शिकलो, मात्र ही छाया किती झपाट्याने सुरू होते याची कल्पना त्या पाठातून येत नाही. महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना कड्याला समांतर दक्षिणेकडे वाहते, म्हणून तिच्या खोऱ्यात पावसाची चंगळ आहे. तिथेच उगम पावणारी कृष्णा पूर्वेला वळते आणि वाईला पोहोचते तेव्हा ती दुसऱ्याच मुलखातली नदी झालेली असते.

इथपर्यंतचा भाग पुस्तकी आहे. पुढचा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो आणि या पुस्तकाची मांडणी त्याच्यावरच उभी आहे. पावसाची विषमता दोन प्रकारची असते. एक ठाम, एक फिरती. घाटातली विषमता ठाम आहे. डोंगर जागचा हलत नाही, म्हणून महाबळेश्वरला दर वर्षी वाईपेक्षा जास्तच पाऊस पडणार. घाटमाथ्यावरचे पावसाळी ढग पुष्कळदा फारसे उंचही नसतात. धुक्यात मिसळलेले, दिवसचे दिवस रिपरिपत राहणारे हे ढग डोंगराला धरून असतात. आणि ज्या दिवशी महाबळेश्वरला धुवांधार, त्या दिवशी नवज्यालाही बहुधा तसेच. एका ठिकाणचा आकडा कळला की शेजारचा अंदाजाने सांगता येतो. शितावरून भाताची परीक्षा होते.

माणदेशात, आटपाडीत, जतेत, सांगोल्यात ही परीक्षा चालत नाही. तिथल्या पावसाचा मोठा हिस्सा जून-जुलैच्या संततधारेचा नसतो. तो सप्टेंबरात, उत्तरा-हस्त नक्षत्रांत, गडगडाटी ढगांतून येतो. रब्बीची ज्वारी त्याच्यावरच उभी राहते. असा एक ढग पाच-दहा किलोमीटर रुंद असतो आणि त्याचे आयुष्य अर्ध्या-पाऊण तासाचे. तो एका गावावर साठ मिलिमीटर ओततो आणि शेजारच्या गावाला नुसता वारा व मातीचा वास देऊन जातो. पुढच्या आठवड्यात हेच उलट होऊ शकते. उन्हाळ्यातल्या वळवाचेही असेच. या बांधावर चिखल आणि त्या बांधावर धूळ हे शेतकऱ्याला नवे नाही. नवल याचे, की सरासरीच्या नकाशावर यातले काहीच दिसत नाही. तीस वर्षांचे आकडे मिळवून सरासरी काढली की फिरता पाऊस सगळ्या गावांत जवळपास सारखा वाटला जातो आणि माण, खटाव, आटपाडी, जत यांवर एकच सपाट रंग चढतो. घाटात मात्र समपर्जन्य रेषा एकमेकींना चिकटून दाटी करतात. नकाशा पाहणाऱ्याला वाटते, विषमता काय ती घाटात. पूर्वेकडे सगळे एकसारखे. एखाद्या विशिष्ट दिवसाचा पाऊस पाहिला तर चित्र बरोबर उलटे असते.

आता हे मोजतो कोण? भारतीय हवामान विभाग १८७५ मध्ये स्थापन झाला आणि पर्जन्यमापकांचे जाळे हे त्याचे तेव्हापासूनचे मूळ काम. साधा पर्जन्यमापक म्हणजे एक नरसाळे आणि खाली बाटली. आपल्याकडच्या नेहमीच्या नमुन्यात नरसाळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असते. रोज सकाळी साडेआठला पाणी मोजायचे आणि त्या तारखेपुढे लिहायचे; म्हणून कालच्या दुपारचा पाऊस आजच्या तारखेला चढतो, आणि वर्तमानपत्रांतल्या आकड्यांचा निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. झाड किंवा भिंत जवळ असेल तर तिच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर सोडावे लागते. जोराचा वारा असेल तर थेंब नरसाळ्याच्या काठावरून निघून जातात आणि आकडा कमी भरतो.

भारतीय मानकानुसार सपाट प्रदेशात ५२० चौरस किलोमीटरला एक पर्जन्यमापक पुरेसा मानला आहे. भरपूर पावसाच्या डोंगराळ भागात १३० चौरस किलोमीटरला एक. ५२० चौरस किलोमीटर आणि २०० चौरस सेंटिमीटर यांचे प्रमाण काढले तर ते २,६०० कोटींना एक असे येते. एवढ्या क्षेत्राच्या वतीने एका बाटलीने बोलायचे. जगाचे बरेचसे जलविज्ञान याच्यावर चालते आणि बरे चालते, हे मान्य केले पाहिजे. पण या मानकामागची दृष्टी ठाम विषमतेची आहे : डोंगरात फरक जास्त म्हणून तिथे मापक जास्त, सपाटीला कमी. वर्षभराचा पाऊस किंवा धरणात येणारे पाणी काढायचे असेल तर हे योग्यच आहे. एका ठरावीक पंधरवड्यात एका ठरावीक शेतकऱ्याचे पीक पावसाअभावी गेले का, हे ठरवायचे असेल तर माणच्या माळावर मापक जास्त दाट हवेत. माझ्या माहितीत हा मुद्दा जितक्या ठासून मांडायला हवा तितका मांडला गेलेला नाही, म्हणून इथे तो मांडतो.

सुटे आकडे मिळाले की त्यांचे क्षेत्र करावे लागते. अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ थीसन यांनी १९११ मध्ये सुचवलेली रीत आजही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. प्रत्येक जागेला तिच्या सर्वांत जवळच्या मापकाचा आकडा द्यायचा आणि नकाशाचे बहुभुज तुकडे पाडायचे. सोपी रीत, पण तिला डोंगर दिसत नाही. वाईचा आकडा ती बिनदिक्कत पसरणीच्या घाटात अर्ध्यापर्यंत चढवेल. समपर्जन्य रेषा काढणाऱ्या माणसाला मुलूख ठाऊक असेल तर तो हे टाळतो. आता ते काम बहुतेक संगणक करतात. हवामान विभागाचा १९०१ पासूनचा चौकटीवार दैनिक पाऊस पाव अंशाच्या चौकटींत उपलब्ध आहे. पाव अंश म्हणजे सुमारे २७ किलोमीटरची बाजू. वाई, पाचगणी आणि महाबळेश्वर अशा एका-दोन चौकटींत मावतात. संशोधनासाठी ही सामग्री मोलाची आहे, पण तिच्यातली चौकट म्हणजे एखादे गाव असे समजून कोणी निष्कर्ष काढला तर त्याचा कान धरायला हवा. चौकट जितकी मोठी तितके तिच्यातले टोकाचे आकडे बोथट होत जातात. हा गणिताचा नियम आहे, निसर्गाचा नाही.

उपग्रह आणि रडार यांनी मापकांमधली मोकळी जागा बरीच भरून काढली आहे. २०१४ पासून जागतिक उपग्रहमालिकेतून दर अर्ध्या तासाला दहा-अकरा किलोमीटरच्या चौकटींचा पाऊस मिळतो. पण उपग्रह ढगाचा माथा किती थंड आहे यावरून पुष्कळ अंदाज बांधतो, आणि सह्याद्रीच्या बुटक्या ढगांचे माथे पुरेसे थंड नसतात. त्यामुळे जिथे पाऊस सर्वांत जास्त तिथेच उपग्रह कमी सांगतो. रडारची किरणे अंतरानुसार उंच जातात, शिवाय डोंगर आडवे येतात. जमिनीवरच्या बाटलीला अजून पर्याय नाही.

आता नजर वर नेऊ. महाराष्ट्राचे हवामान विभागाने चार उपविभाग केले आहेत : कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. आपल्या मनात पावसाची दिशा पश्चिमेकडून पूर्वेकडे अशी पक्की बसलेली असते. विदर्भात ती चालत नाही. गडचिरोली-गोंदियाचा पाऊस नागपूरपेक्षा जास्त आणि नागपूरचा बुलढाण्यापेक्षा जास्त, कारण तिकडे पाऊस मुख्यतः बंगालच्या उपसागरावरून पश्चिम-वायव्येला सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांबरोबर येतो. असे एक क्षेत्र पाचशे-हजार किलोमीटर पसरते आणि तीन-चार दिवस टिकते. विदर्भातली झड ती हीच. मराठवाडा या दोन्ही व्यवस्थांच्या शेपटाकडे पडतो. पश्चिमेचा पाऊस सह्याद्रीवर संपतो, पूर्वेचा विदर्भात ओसरत येतो. मराठवाड्याच्या दुष्काळाबद्दल आपण राजकीय कारणे भरपूर बोलतो, आणि ती आहेतच, पण हे भौगोलिक दुर्दैवही लक्षात असावे.

त्याहून वर गेले की देश. जून ते सप्टेंबरमधला भारताचा सरासरी पाऊस ८७ सेंटिमीटर धरतात, आणि या एका आकड्यावर शेअर बाजारापासून रिझर्व्ह बँकेपर्यंत सगळे डोळे लावून बसतात. हा आकडा आश्चर्यकारकरीत्या स्थिर आहे; बहुतेक वर्षी तो दहा टक्क्यांच्या आतच वर-खाली होतो. कारण देशाच्या एका भागातली तूट दुसरीकडची भर झाकते. मान्सूनच्या कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याला सरकला की मध्य भारत कोरडा पडतो आणि त्याच वेळी पायथ्याला व ईशान्येला मुसळधार कोसळते. याला मान्सूनचा खंड म्हणतात. पण खंड आपल्यासाठी, बिहारच्या उत्तरेकडच्या माणसाला तो शब्द विनोदी वाटेल. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा देशाचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. तरी हंगाम संपला तेव्हा देशाचा आकडा ९४ टक्के होता.

त्याच वर्षी महाराष्ट्रात जे झाले ते या पुस्तकाच्या विषयाचे चांगले उदाहरण आहे. ऑक्टोबरअखेर सरकारने तालुका हे एकक धरून ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. लगेच ओरड झाली, कारण उरलेल्या तालुक्यांत पाऊस नसलेली गावे होतीच. मग एकक बदलले. तालुक्याहून लहान अशा ज्या महसूल मंडळांत जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि ७५० मिलिमीटरहूनही कमी, ती दुष्काळसदृश धरायची असे ठरले, आणि हजाराच्या आसपास मंडळे यादीत आली. पाऊस तोच होता. मोजण्याची चौकट लहान केली आणि दुष्काळाचा नकाशा बदलला. यात कोणी लबाडी केली असे मी म्हणत नाही. एकक निवडणे हाच निर्णय असतो, एवढेच सांगायचे आहे.

महसूल मंडळ हे आज महाराष्ट्रातल्या पावसाचे सर्वांत वजनदार एकक आहे. महावेध प्रकल्पात मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे बसवली गेली, ती दोन हजारांहून अधिक. राज्याच्या क्षेत्रफळाला भागले तर सुमारे दीडशे चौरस किलोमीटरला एक केंद्र येते. जुन्या मानकापेक्षा ही फार मोठी सुधारणा आहे. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी. पीक विम्याचे निकष, पंचनामे, मदत यांची दारे या आकड्याने उघडतात किंवा बंद होतात. पण दीडशे चौरस किलोमीटर म्हणजे बारा किलोमीटर बाजूचा चौरस, आणि वर सांगितलेला गडगडाटी ढग पाच-दहा किलोमीटरचा. दोन केंद्रांच्या मधून तो सहज निसटतो. शेतात गुडघाभर पाणी आणि केंद्रावर ४२ मिलिमीटर, अशी तक्रार दर वर्षी ऐकू येते ती म्हणूनच. केंद्राच्या विंड्स योजनेत ग्रामपंचायतीपर्यंत मापक नेण्याचे उद्दिष्ट आहे. ते व्हावे. मात्र केंद्र झाडाखाली किंवा इमारतीला खेटून बसवले आणि नरसाळ्यात पाने साचली तर संख्या वाढून काही उपयोग नाही.

शहरालाही हा प्रश्न चुकलेला नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि वीस-बावीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला ७३. मुंबईचा त्या दिवशीचा पाऊस किती, या प्रश्नाला अर्थच उरत नाही. ढगफुटी हा शब्दही आपण सैल वापरतो. हवामानशास्त्राच्या लेखी वीस-तीस चौरस किलोमीटरच्या क्षेत्रावर तासाभरात शंभर मिलिमीटर पडले तर ती ढगफुटी; जागा आणि वेळ दोन्ही त्या व्याख्येतच आहेत.

हवामानबदलाच्या चर्चेत तर हा मुद्दा सर्वांत जास्त गोंधळ घालतो. २००६ मध्ये बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की १९५१ ते २००० या काळात मध्य भारतात अतिजोराच्या पावसाच्या घटना वाढल्या, मध्यम पावसाच्या कमी झाल्या, आणि दोन्ही मिळून हंगामाची सरासरी जवळपास तशीच राहिली. २०१२ मध्ये आयआयटी मुंबईचे सुबिमल घोष आणि सहकारी म्हणाले की देशभर एकसारखा कल दिसत नाही, पण टोकाच्या पावसातला जागोजागचा फरक वाढतो आहे. वर्तमानपत्री वाचकाला वाटते, दोघांपैकी एक चूक असणार. तसे नाही. पहिल्यांनी मोठा प्रदेश एकत्र घेतला, दुसऱ्यांनी चौकट चौकट वेगळी पाहिली. मोठ्या क्षेत्रावर कल स्पष्ट असताना एखाद्या तालुक्यात तो शोधूनही न सापडणे अगदी शक्य आहे, कारण तिथे फिरत्या पावसाचा गोंगाट मोठा असतो. ‘आमच्या गावात पाऊस बदलला’ असे म्हणणारा खोटे बोलत नसतो, पण एका गावाच्या आकड्यांवरून ते सिद्ध करणे फार अवघड असते. उलट, देशाचा कल दाखवून एखाद्या गावातल्या पुराचे खापर थेट हवामानबदलावर फोडणेही तितकेच घाईचे. हवामानाच्या अंदाजांचीही चौकट लहान होते आहे. मे २०२५ मध्ये पुण्याच्या आयआयटीएमने विकसित केलेली भारत फोरकास्ट सिस्टीम सुरू झाली. तिची चौकट सहा किलोमीटरची. आधी ती बारा होती. अंदाज आता ढगाच्या मापापर्यंत उतरू लागले आहेत. पण अमुक ढग अमुक शिवारावर फुटेल हे आदल्या दिवशी सांगण्याइतके ते उतरलेले नाहीत, आणि तशी जाहिरात कोणी केली तर विश्वास ठेवू नये.

पुढची प्रकरणे लहान जागेपासून मोठ्या जागेकडे जातात : आधी एक नरसाळे, मग शिवार, मंडळ, खोरे, राज्य, देश. कोणत्याही प्रकरणापासून वाचायला हरकत नाही; आकडेमोडीचा कंटाळा असलेल्यांनी सरासरी काढण्याच्या पद्धतींचे प्रकरण वगळले तरी चालेल, धरणाच्या कामात असलेल्यांनी मात्र ते वगळू नये. शेतकरी वाचकांना एक विनंती आहे. कृषी विभाग ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका म्हणतो, तो आकडा मंडळाच्या केंद्राचा असतो. तुमच्या शिवारात ओल किती खोल गेली, वापसा आला का, हे तुम्हीच उकरून पाहता. त्याच्या जोडीला बांधावर एक साधा पर्जन्यमापक ठेवा आणि रोज सकाळी साडेआठला वहीत आकडा लिहा, शून्य असला तरी. शाळांनी हे केले तर फारच उत्तम. आणि या पावसाळ्यात एकदा आपल्या मंडळाचे हवामान केंद्र नेमके कुठे उभे आहे ते जाऊन पाहा. झाडाखाली असेल तर तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.